सल्ला माझा, अडचण त्यांची

टॅबलेट घेतला की संगणकाची गरज उरत नाही, असे मी काही वर्षे ठामपणे सांगत होते. ज्यांनी माझे ऐकले त्यांत माझा धाकटा भाऊ होता आणि मी संचालक असलेली महिला पतसंस्थाही होती. दोघांचेही नुकसान झाले. पैशाचे होते ते भरून निघाले. भावाच्या मुलीचे, माझ्या भाचीचे, जे झाले ते पैशात मांडता येत नाही. माझा अंदाज नेमका कुठे चुकला, ते जमेल तितक्या नीटपणे इथे लिहिते, कारण आज प्रत्येक घरात कोणी ना कोणी माझ्या जागी आहे. नात्यातले लोक त्यांना विचारतात, 'तुला कळतं, तू सांग काय घेऊ?'

मी तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात पुस्तपालन व लेखाकर्म शिकवते. फार पूर्वी एमएस-सीआयटी केले, नंतर आवड म्हणून शिकत राहिले. शिक्षकांच्या खोलीत प्रिंटर अडला की मला हाक येई. त्यामुळे यंत्रांबद्दल माझे मत विचारले जाऊ लागले आणि मीही ते देऊ लागले.

टॅबलेटविषयीचे माझे मत एका दिवसात झाले नव्हते. २०१० साली २७ जानेवारीला स्टीव्ह जॉब्स यांनी आयपॅड जगापुढे आणला. त्याच वर्षी जूनमध्ये एका जाहीर मुलाखतीत त्यांनी संगणकाची तुलना ट्रकशी केली. अमेरिका शेतीवर जगत होती तेव्हा गाडी म्हणजे ट्रकच असे, शहरे वाढली तशा मोटारी वाढल्या. तसेच संगणक राहतील, ज्यांना लागतात त्यांना लागतील, पण बहुतेकांचे त्यांच्यावाचून भागेल, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. मला ते वाचताक्षणी पटले. ज्या भागात मी राहते तिथे ऊस गाळपाला जातो तो ट्रक आणि ट्रॅक्टर-ट्रॉलीतून, गावातल्या कितीतरी घरांची चूल त्यावर पेटते. तरीही ट्रक नेमके कोणाला लागतात, हा प्रश्न माझ्या मनात आला नाही.

पुढे २०११ च्या ऑक्टोबरमध्ये दिल्लीत तेव्हाचे मनुष्यबळ विकास मंत्री कपिल सिब्बल यांनी 'आकाश' टॅबलेट जाहीर केला. महाविद्यालयीन मुलांना अगदी स्वस्तात द्यायचा, सात इंची पडद्याचा टॅबलेट. त्याचा पडदा बोटाने दाबावा लागे, मेमरी २५६ एमबी, त्यामुळे तो फार चालला नाही. मी मात्र दोष स्वस्त सुट्या भागांना दिला. यंत्र चांगले असते तर संगणकाची जागा घेतलीच असती, असे मी मानले. २०१५ मध्ये मुंबई महापालिकेने आपल्या शाळांतल्या आठवीच्या मुलांना टॅब दिले. त्यानंतर काही वर्षांनी 'महाज्योती' या राज्य सरकारच्या संस्थेने प्रवेश परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलांना टॅबलेट द्यायला सुरुवात केली. या दोन्ही योजना धडे पाहण्यासाठी आणि वाचण्यासाठी होत्या. लिहून, तयार करून दुसऱ्याला देण्यासाठी नव्हत्या. हा फरक माझ्यासमोर होता आणि मी तो पाहिला नाही.

मग टाळेबंदी आली. मार्च २०२० नंतर सगळे वर्ग पडद्यावर गेले. घरातल्या जुन्या संगणकाला कॅमेरा नव्हता, आवाज फाटका येई. मी दहा इंचांहून मोठ्या पडद्याचा अँड्रॉइड टॅबलेट आणि त्याचे पेन घेतले. खतावणीतले खाते मी पेनाने पडद्यावर आखायची, डावीकडे नावे, उजवीकडे जमा, आणि मुले घरी बसून ते उमटताना पाहायची. फळ्यावर लिहिताना माझी पाठ मुलांकडे असते. इथे माझा हात आणि माझा आवाज एकत्र त्यांच्यापर्यंत जात होता. घसाऱ्याचे गणित चुकले तर तिथल्या तिथे खोडून दुरुस्त करता येई. वीज गेली तरी तास चालू राहायचा. शिकवण्याच्या त्या कामासाठी टॅबलेट संगणकापेक्षा चांगला होता, हे मी आजही म्हणते.

चूक त्याच्या पुढच्या पायरीवर झाली. मी जुना संगणक विकून टाकला. महाविद्यालय सुरू झाल्यावर सुद्धा मला त्याची उणीव भासली नाही. मी अभिमानाने सगळ्यांना सांगे, 'माझं सगळं टॅबलेटवर होतं.'

सगळे होत नव्हते. प्रश्नपत्रिका मी महाविद्यालयाच्या कार्यालयातल्या संगणकावर करत होते. गुणांचे तक्ते तिथेच. जुन्या प्रश्नपत्रिका युनिकोड येण्यापूर्वीच्या मराठी फॉन्टमध्ये होत्या. त्या टॅबलेटवर उघडल्या की मराठीऐवजी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसे, म्हणून त्याही कार्यालयातच उघडत होते. ताळेबंदाचा आडवा तक्ता टॅबलेटवर बोटाने सरळ करताना ओळी सरकत, तो मी सकाळी लवकर जाऊन तिथे नीट करून घेई. त्या काळी वर्ड आणि एक्सेलचा नियम असा होता की १०.१ इंचांपर्यंतच्या पडद्यावर फाइल फुकट दुरुस्त करता येते, त्याहून मोठ्या पडद्याला वर्गणी भरावी लागते. मोठा पडदा घेताना मी याची चौकशी केली नव्हती. वर्गणी भरली नाही, कारण कार्यालयातला संगणक होताच.

एका दुकानाचा खर्च दुसऱ्या दुकानाच्या वहीत पडला की पहिल्याचा नफा फुगलेला दिसतो, हे मी दरवर्षी अकरावीच्या मुलांना शिकवते. माझ्या टॅबलेटचा नफा असाच फुगलेला होता. संगणकाचे काम महाविद्यालयाच्या नावे पडत होते आणि मी माझ्या वहीत ते धरतच नव्हते. माझ्या मताचा पाया इथेच खोटा होता. त्याच मतावर मी दुसऱ्यांना सल्ले दिले.

२०२१ मध्ये भाची अकरावी विज्ञानाला गेली. भाऊ साखर कारखान्यात नोकरीला. उसाच्या बिलातून थोडे पैसे बाजूला ठेवले होते, त्यातून तिला लॅपटॉप घ्यायचा त्याचा विचार होता. त्या वर्षी जगभर चिप्सचा तुटवडा होता, लॅपटॉप महाग झाले होते. त्याने मला फोन केला. 'ताई, तू सांगशील ते घेतो,' म्हणाला.

मी त्याला टॅबलेट घ्यायला सांगितले. निम्म्या पैशात काम होईल, उरलेले क्लासला लागतील, असे समजावले. भाचीलाही बोलले. २०१७ मध्ये आलेली आयपॅडची एक जाहिरात मला फार आवडली होती. तीत एक मुलगी दिवसभर टॅबलेटवर लिहिते, चित्र काढते, झाडावर बसून वाचते, आणि शेजारच्या बाई संगणकाबद्दल विचारतात तेव्हा संगणक म्हणजे काय, असे तीच उलट विचारते. ती जाहिरात मी भाचीला दाखवली. तिचे डोळे चमकले होते, हे मला चांगले आठवते.

दोन वर्षे माझा सल्ला बरोबर ठरल्यासारखाच दिसला. क्लासचे व्हिडिओ, पीडीएफ नोट्स, सराव परीक्षा, सगळे ती टॅबलेटवर करत होती. पेनाने रसायनशास्त्राच्या अभिक्रिया लिहीत होती. बारावीला गुण चांगले पडले. सीईटी केंद्रावरच्या संगणकावर द्यावी लागते, पण तिथे माऊसने पर्याय निवडण्यापलीकडे काही करायचे नसते, ते जमून गेले. तिला संगणक अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला. घरात पेढे वाटले.

पहिल्या वर्षी ती प्रोग्रॅमिंगच्या विषयात नापास झाली.

तिला तर्क जमत नव्हता असे नाही. गणितात ती नेहमी पुढे. अडचण वेगळीच होती आणि तिने ती बरेच महिने कोणाला सांगितली नाही. सुट्टीत घरी आली तेव्हा मी खोदून विचारले. तेव्हा म्हणाली, 'आत्या, लॅबमध्ये सर म्हणतात फाइल अमुक फोल्डरमध्ये सेव्ह करा. मी सेव्ह करते, पण ती कुठे गेली तेच मला कळत नाही. बाकीच्यांचं होऊन जातं, मी शोधतच बसते.'

टॅबलेट फाइल लपवतो. त्याचे वापरणे सोपे वाटते, त्याचे हे एक मोठे कारण आहे. फोटो फोटोंच्या ॲपमध्ये, नोट नोटच्या ॲपमध्ये, व्हिडिओ क्लासच्या ॲपमध्ये. कोणती वस्तू यंत्रात कोणत्या जागी ठेवली आहे, हे वापरणाऱ्याला माहीत असण्याची गरजच पडत नाही. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला मात्र हे पहिल्या दिवसापासून लागते. एक फाइल दुसरीला हाक मारते ती तिच्या पत्त्याने. फोल्डरच्या आत फोल्डर, त्याचा मार्ग, काळ्या पडद्यावर टाइप करायच्या आज्ञा, काही बसवायचे असेल तर ते कुठे बसले याची जाण, हे सगळे पुस्तकात एका परिच्छेदात येते आणि हातात यायला वर्षे लागतात. जी मुले लहानपणापासून घरच्या संगणकावर गाणी कॉपी करत, गेम बसवत, काहीतरी बिघडवत आणि दुरुस्त करत वाढली, त्यांना हे कोणी शिकवले नव्हते. ते अंगवळणी पडले होते. २०२१ च्या सुमाराला अमेरिकेतल्या काही विद्यापीठांतले प्राध्यापकही जाहीरपणे हेच सांगत होते की नव्या विद्यार्थ्यांना फाइल आणि फोल्डर ही कल्पनाच समजावून द्यावी लागते. तिथली मुले तर सधन घरांतली, हाताशी सगळे असलेली. आमच्या भाचीकडे एकच यंत्र होते आणि ते मी निवडलेले.

दुसरी अडचण बोटांची. ती दोन बोटांनी टाइप करत होती. काचेवरच्या कीबोर्डवर पुढचा शब्द यंत्रच सुचवते, चुकलेले अक्षर दुरुस्त करते. प्रोग्रॅममध्ये कंस, अर्धविराम, चौकटी कंस यांना महत्त्व असते, आणि काचेवर ही चिन्हे दुसऱ्या-तिसऱ्या पानावर असतात. प्रयोगाच्या तासात दुसरी मुले प्रोग्रॅम लिहून, चालवून, चूक शोधून मोकळी होत. हिचा वेळ टाइप करण्यात जाई. टॅबलेटवर पायथॉन चालवायची ॲप्स आहेत, सी भाषेचे प्रोग्रॅम ब्राउझरमध्ये चालवता येतात. तिने ती सगळी वापरली. पण दुसऱ्या टॅबमध्ये नोट्स बघून परत आले की मेमरी कमी पडून पान पुन्हा लोड होई आणि न साठवलेले लिहिणे पुसले जाई. स्वस्त टॅबलेटमध्ये हे होतेच, कारण मागे पडलेले काम यंत्र स्वतःच्या निर्णयाने बंद करते.

मी तिला म्हटले, 'अगं, मग बाबांना लॅपटॉप का नाही मागितलास?'

'तू सांगितलंस म्हणून बाबांनी हा घेतला होता. आता हा नको कसं म्हणू?'

त्या उत्तराने मला फार वाईट वाटले. माझ्या शब्दाला घरात जे वजन होते, त्याखाली ती मुलगी गप्प बसली होती. मी भावाला सगळे सांगितले, माझा सल्ला चुकला असे स्पष्ट शब्दांत सांगितले, आणि मोठ्या कंपन्यांतून वापरून बाहेर पडलेला, नीट दुरुस्त केलेला एक डेस्कटॉप तिला घेऊन दिला. नव्या टॅबलेटपेक्षा तो स्वस्त पडला. हेही मला आधी कळायला हवे होते, आणि चौकशी केली असती तर कळलेही असते. तो विषय तिने पुढच्या परीक्षेत सोडवला. आता ती तिसऱ्या वर्षाला आहे. पण पहिल्या वर्षी 'मला हे जमत नाही' अशी जी भीती तिच्या मनात बसली, ती अजून पूर्ण गेलेली नाही. प्रोग्रॅमिंगच्या स्पर्धांना ती अजून नाव देत नाही.

पतसंस्थेची गोष्ट त्याच काळातली. विंडोज ७ ला सुरक्षेचे अद्ययावतीकरण मिळणे १४ जानेवारी २०२० ला थांबले होते आणि आमचे संगणक त्याच विंडोजवर चालत होते. पैशाच्या संस्थेत ते धोक्याचे. बदल करायलाच हवा होता. मासिक सभेत मी टॅबलेटचा प्रस्ताव मांडला. हिशेबाचे सॉफ्टवेअर ब्राउझरमध्ये चालते, वीज कमी लागते, यूपीएसच्या बॅटरीचा खर्च वाचतो, जागा मोकळी होते. मुद्दे एकूण एक खरे होते.

आमच्या लिपिक बाई सभेत चहा द्यायला आल्या होत्या. त्या दारात थांबल्या आणि म्हणाल्या, 'मॅडम, पासबुकाच्या प्रिंटरचं काय करायचं?' मी म्हटले, 'आता सगळं बिनतारी होतंय, काहीतरी सोय निघेल.' त्यांनी आणखी काही म्हणायला तोंड उघडले होते. मी पुढच्या विषयाकडे वळले. ठराव मंजूर झाला.

सोय निघाली नाही. पासबुक छापणारा प्रिंटर डॉट मॅट्रिक्स जातीचा असतो. शाईच्या फितीवर सुया आपटून तो जाड पुस्तिकेच्या पानावर नेमक्या ओळीत छापतो. त्याला संगणकात बसवलेला त्याचा स्वतःचा ड्रायव्हर लागतो. टॅबलेटवरून छपाई होते ती मुख्यतः वाय-फायच्या जाळ्यावर असलेल्या नव्या प्रिंटरवर. आमच्याकडच्या प्रिंटरसाठी अँड्रॉइडचा ड्रायव्हरच नव्हता. ठेवीदार बायकांपैकी पुष्कळजणी भाजी विकतात, शिवण करतात, शेतावर जातात. मोबाइलवर आलेला संदेश त्यांना पुरेसा वाटत नाही. छापील ओळ आणि शिक्का पाहिला की त्यांना आपले पैसे जागेवर असल्याची खात्री पटते, आणि ती खात्री हाच पतसंस्थेचा आधार असतो. लिपिक बाई हाताने नोंदी लिहू लागल्या. बाजाराच्या दिवशी रांग दारापर्यंत जाऊ लागली. एका वृद्ध ठेवीदार बाईंनी सगळी रक्कम काढून घेतली. हाताने लिहिलेल्या पासबुकावर त्यांचा विश्वास बसेना.

संध्याकाळी कीर्द जुळवताना आणखी एक गोष्ट उघड झाली. लिपिक बाईंचा उजवा हात कीबोर्डच्या उजवीकडच्या आकड्यांवर न बघता चालत असे. डोळे व्हाउचरवर, बोटे आकड्यांवर. मधल्या पाचच्या कळीवर एक बारीक उंचवटा असतो, त्यावरून बोटाला जागा कळते. काचेवर असा उंचवटा नाही. प्रत्येक आकड्याला मान वळवून बघावे लागते, मग व्हाउचरवरची ओळ सुटते. त्यांचा वेग गेला, चुका वाढल्या, घरी जायला उशीर होऊ लागला. इतक्या वर्षांच्या कामातून हातात आलेले कौशल्य मी एका ठरावाने निरुपयोगी केले. मी स्वतः वाणिज्य शिकवते, आणि आकडे टाकणाऱ्या हाताला काय लागते याचा विचार मी केला नाही, याची मला आजही खंत वाटते. ठेवींवरच्या व्याजाची जी एक्सेल फाइल आधीच्या हिशेबनिसांनी मॅक्रो घालून तयार करून दिली होती, तीही टॅबलेटवर आकडे दाखवी पण चालत नसे, कारण एक्सेलच्या मोबाइल आणि टॅबलेट आवृत्तीत मॅक्रो चालतच नाहीत.

शेवटचा धक्का टीडीएसचा. संस्थेला ठरावीक देण्यांवर कर कापून दर तिमाहीला त्याचे विवरणपत्र भरावे लागते. विवरणपत्र तयार करायची आयकर खात्याची मोफत प्रणाली जावावर चालते. ती संगणकात उतरवून घ्यायची, माहिती भरायची, तपासणी करून फाइल बनवायची. अँड्रॉइडवर ती चालत नाही. लिपिक बाई हे काम पूर्वी संस्थेतच करत. आता कोणाच्या तरी घरच्या संगणकावर करून घेऊ, असे म्हणता म्हणता मुदत टळली. तेव्हाच्या आयकर कायद्याच्या कलम २३४ई प्रमाणे उशिराच्या प्रत्येक दिवसाला २०० रुपये शुल्क लागे, कापलेल्या कराच्या रकमेपर्यंत. ती रक्कम मी माझ्या खिशातून भरली आणि पुढच्या सभेत ठराव बदलण्याची विनंती केली. लिपिक बाईंची क्षमाही त्याच सभेत मागितली, कारण त्यांचा प्रश्न मी त्याच खोलीत सगळ्यांसमोर डावलला होता.

टॅबलेट मात्र वाया गेले नाहीत. ते आमच्या पिग्मी, म्हणजे रोजची छोटी ठेव, गोळा करणाऱ्या भगिनींकडे गेले. दुकानादुकानांतून उभ्याने फिरायचे, खाते क्रमांक काढायचा, रक्कम टाकायची, कमरेला लावलेल्या छोट्या ब्लूटूथ प्रिंटरवरून पावती द्यायची, आणि नोंद त्याच क्षणी संस्थेच्या हिशेबात. या कामाला बसून वापरायचा संगणक चाललाच नसता. तेच यंत्र टेबलावर संस्थेचे काम अडवत होते आणि रस्त्यावर तेच काम पुढे नेत होते.

अगदी उलटी चूकही माझ्याच घरात झाली होती, आणि ती मी जास्त उशिरा ओळखली. वडील गेल्यावर आई एकटी राहू लागली. तिला नातवंडांशी समोरासमोर बोलता यावे म्हणून मी तिच्यासाठी डेस्कटॉप मांडला होता. खरे यंत्र हवे, टिकाऊ हवे, असा तेव्हाचा विचार. आईला माऊसचे दोनदा टिचकणे कधी जमले नाही. हात माऊसवर आणि बाण पडद्यावर, या दोन जागांचा मेळ तिला लागेना. सुरू करताना आणि बंद करताना काहीतरी मोडेल अशी धास्ती. संगणकावर तिने विणलेले झाकण घातले आणि ते कधी काढले नाही. मी तिला पुन्हा पुन्हा शिकवत राहिले, कधी चिडलेही. शिकायची वेळ तिची नव्हती, यंत्र बदलायची वेळ माझी होती.

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर तिला टॅबलेट दिला. बोट जिथे ठेवायचे तिथेच काम होते, एवढ्यानेच तिची निम्मी भीती गेली. ज्ञानेश्वरीची अक्षरे दोन बोटांनी हवी तेवढी मोठी करून ती वाचते. गुगलने २०१७ पासून मराठीत बोलून लिहिण्याची सोय दिली आहे. ती वापरून आई बहिणीला गावाकडे लांबलचक संदेश पाठवते. बोलीतले काही शब्द यंत्र चुकवते, पण मावशीला अर्थ कळतो. आईच्या रोजच्या कामात संगणकाने करायचे असे काही उरलेले नाही. तिच्यासाठी टॅबलेटने संगणकाची जागा पूर्णपणे घेतली आहे.

या काळात यंत्रेही बदलली, हे सांगायला हवे. सॅमसंगने २०१७ मध्ये डेक्स आणले, त्यामुळे पडद्यावर संगणकासारख्या खिडक्या उघडता येऊ लागल्या. आयपॅडला २०१७ मध्ये फाइल्सचे ॲप मिळाले, २०२० च्या मार्चमध्ये ट्रॅकपॅड आणि माऊस नीट चालू लागला, २०२५ मध्ये हव्या तेवढ्या आकाराच्या खिडक्या आल्या. महागडा टॅबलेट, त्याचा कीबोर्ड आणि त्याचे पेन अशी तिन्ही घेतली तर आज बरेच काम होते. पण तिन्हींचा खर्च एकत्र केला की चांगल्या लॅपटॉपच्या वर जातो, आणि स्वस्त म्हणून टॅबलेट सुचवण्याचे कारणच उरत नाही. आणि जावाची प्रणाली, हिशेबाचे टॅली, पासबुकाचा प्रिंटर यांच्यापुढे ते महागडे यंत्रही आजपर्यंत हतबलच आहे. यंत्रापेक्षा त्याच्या भोवतालचे सरकारी आणि कार्यालयीन जग अजून विंडोजवर उभे आहे, हे अडचणीचे मूळ आहे. संगणक विकत न घेतल्याने ती गरज संपत नाही, ती दुसऱ्याच्या टेबलावर जाते: सायबर कॅफेच्या, मित्राच्या, ऑफिसातल्या लिपिकाच्या.

त्यामुळे आता कोणी विचारले की मी आधी एकच गोष्ट विचारते: या यंत्रातून तयार होऊन बाहेर काय जाणार आहे आणि ते कोणाला द्यायचे आहे? वाचायचे, पाहायचे, बोलायचे, पेनाने शिकवायचे, रस्त्यावर नोंद करायची असेल तर टॅबलेट घ्या, निःशंक घ्या. तक्ता, अहवाल, प्रोग्रॅम, विवरणपत्र, प्रश्नपत्रिका असे काही दुसऱ्याच्या हाती सोपवायचे असेल तर संगणक लागतो, जुना का होईना. सरकारी लिपिकाच्या भरतीला मराठी टंकलेखन मिनिटाला ३० शब्द किंवा इंग्रजी ४० शब्द मागतात; तो वेग काचेवर टाइप करून कोणाला मिळालेला मी पाहिलेला नाही.

आणि घरात अकरावी-बारावीचे मूल असेल, त्यातही मुलगी असेल, तर माझी कळकळीची विनंती आहे. मुलाला लॅपटॉप आणि मुलीला टॅबलेट अशी वाटणी मी आता अनेक घरांत पाहते, ती करू नका. वापरलेला डेस्कटॉप घ्या, जोडीला साधा कीबोर्ड घ्या, तो घरातल्या कोपऱ्यात मांडा आणि तिला त्यावर फाइली हरवू द्या, शोधू द्या, काहीतरी बिघडवू द्या. आणि तिला कोणते यंत्र हवे, हे तिच्या आत्याला विचारण्याआधी तिला विचारा.